राणीसरकारांचं शेवटचं काम

९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझा फोन बंद लागतो, म्हणून तुझ्या जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहितेय. कुणीतरी पोचवेल. मी बरी आहे. बाबांचा खोकला कमी आहे. छापखाना तसा बंदच. अर्धं शटर वर करून बाबा आत बसतात, एवढंच.

त्यांच्या 'राणीसरकार' आठवतात ना? तो शिशाच्या खिळ्यांचा जाड-बारीक टाइप, उभे खांब काळेभोर आणि आडव्या रेषा केसाएवढ्या. अत्तराची खोकी, नाटकांच्या जाहिराती, मासिकांची नावं, सगळीकडे बाई मिरवल्या. औषधाच्या लेबलाला मात्र बाबा त्यांना हात लावू द्यायचे नाहीत. "लहान आकारात रेषा गळतात, कुणाचा तरी जीव जायचा," म्हणत गिऱ्हाईक परत पाठवायचे. तू "वितळवा ते शिसं" म्हणून घर सोडलंस, तेव्हापासून त्यांनी तुझा विषय काढला नाही.

गेल्या आठवड्यात त्यांनी राणीसरकारांचे खण पुन्हा उघडले. मी म्हटलं, "बाबा, बाहेरून छापून आणते ना."

"तिचं नाव परक्याच्या हातून?"

किती वेळ टाळतेय बघ. आई गेली, धाकट्या. मंगळवारी सकाळी चहा गाळता गाळता खाली बसली, ती उठलीच नाही. तुला खूप शोधलं रे.

शोकसभेचं कार्ड बाबांनी चाचपत चाचपत जुळवलं. खाली 'शोकाकुल'च्या पुढे पहिला शब्द 'मुलगा'. पण खिळे पार झिजलेले. कार्ड छापून आलं तेव्हा आईच्या नावाचे नुसते खांब उभे होते, मधल्या रेषा गायब. जळून गेलेल्या घरासारखं दिसत होतं.

बाबांनी कार्ड खिडकीशी नेलं. डोळ्यांजवळ धरलं, मग लांब धरलं. डोळ्यांचा पडदा खराब होतोय असं डॉक्टर कधीचे सांगत होते. बाबाच मानायला तयार नव्हते.

"पोरी, खरं सांग. रेषा कागदावरून गेल्यात, की माझ्या डोळ्यांतून?"

पुन्हा जुळवायला ना धड खिळे होते, ना त्यांच्यात त्राण. मी म्हटलं, "कागदावर आहेत, बाबा. सगळ्या आहेत."

ते स्टुलावर बसले. कार्ड मांडीवर ठेवून म्हणाले, "मग असू दे. तिचं नाव तर पुरं आलं."

डोळेच गेले असं धरून तेव्हापासून चष्मा लावत नाहीत. भिंत धरून चालतात, घास मी हातात देते. कार्डं वाटली. लोक भले, कुणी ब्र काढला नाही.

तू ये. ये असं ते म्हणणार नाहीत, पण कार्ड तुझ्या हातात देऊन "कसं आलंय?" एवढं नक्की विचारतील. तुझी नजर तयार आहे, एका क्षणात कळेल तुला. तरी मी सांगितलं तेच सांग.

तुझी, आता एकटीच खोटं सांभाळत बसलेली,
ताई