बोटांवरचं लिंबू

मंगळवार, संध्याकाळ

शिसारी अजून जात नाही. वाशीत ज्या वकील सरांकडे मी ज्युनिअर वकील म्हणून काम करत होते, त्यांच्याकडे पावणे औद्योगिक वसाहतीतली एक कंपनी अशील म्हणून आली. त्यांनी एका कोळणीला कामावरून काढलंय, का तर तिच्या डब्याला वास येतो! सर सुरमईची थाळी चापत मला म्हणाले, "तिच्या नोटिशीला उत्तर लिही. स्वच्छतेचा मुद्दा घे." मग बोटांना लिंबू चोळून ती हुंगत बसले. मी सारसोळ्याची कोळीण, हे सर विसरले? की माहीत असूनच?

"मी नाही लिहिणार."

"राग आला?"

"किळस आली, सर."

नोकरी सोडली. कंपनीचे कागद पाहिलेत, म्हणून तिची केस मला घेता येणार नाही. यापुढे स्वतंत्रपणे अशाच बायकांच्या घेईन. ते लिंबू डोळ्यांपुढून हलत नाही.

ऑफिससाठी आई कायम भाजीचाच डबा देते. आज तिला म्हटलं, उद्या कोर्टात डब्याला बोंबील नेणार.

"वास येल ना गो!"

"येऊ दे."