सर्व धर्मांचा पाहुणचार

ती. सौ. यमुताईस,

चंद्रभानचा नमस्कार. (राम राम लिहिणार होतो, पण तो शब्द सध्या माझ्या तोंडाला बंद आहे. काहून, ते पुढे समजेल.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची रातपाळी संपली का? मी जिवंत आहे. वजनही वाढलं आहे आणि त्याचं श्रेय जगातल्या प्रमुख धर्मांना आहे.

माझ्या आयुष्याची उलथापालथ झाली ती शामलाच्या आईच्या तिरडीला माझा खांदा असताना. इंदोऱ्याच्या चौकात, भर दुपारी, शंभरेक माणसांमध्ये, माझ्या तोंडून खणखणीत आवाजात 'राम नाम सत्य है' निघालं. त्याच्या आधी मी एक माणूस होतो आणि त्याच्यानंतर दुसरा. पण तिथपर्यंत मी कसा पोचलो, ते सांगितल्याशिवाय तू मला नुसता मूर्ख समजशील, आणि मला सगळं सांगून झाल्यावर मूर्ख ठरायचं आहे.

शामला म्हणजे तीच, माझ्या वर्गातली, जिचं नाव निघाल्यावर बापूजींनी पोळ्याच्या दिवशी पुरणाचं ताट लोटून दिलं आणि सांगितलं, की त्या घरची पोरगी आणली तर मी तुले मेलो. (तू तेव्हा मध्ये पडली नाहीस. पडायची गरजही नव्हती, ताट तसंही पालथं झालं होतं.) कॉलेजमध्ये आमचे प्राध्यापक तेव्हा जगातल्या धर्मांची तुलना शिकवून राहिले होते. फळ्यावर रकाने पाडायचे: संस्थापक, ग्रंथ, मोक्षाची कल्पना, मरणानंतर काय. मी उभा राहून विचारलं, सर, लग्नाचा रकाना कुठं आहे? ते म्हणाले, अभ्यासक्रमात नाही. मी म्हणालो, मग जे मेल्यावर होणार ते आम्ही पाठ करायचं, आणि जे जित्तेपणी होऊन राहिलं ते कोणाले विचारायचं? ते म्हणाले, वर्गाबाहेर जाऊन विचार. मी गेलो, ताई. मी फेकलेला डस्टर खिडकीतून गेला, मी दारातून गेलो आणि कॉलेजला परत गेलो नाही. आता इतवारीत एका धान्याच्या दुकानात पोती मोजतो, दुकानाच्याच माळ्यावर राहतो.

मग मी विचार केला. शामलाचं घर बौद्ध. मी बौद्ध झालो तर बापूजी मेले. शामलानं आपल्यात यावं तर तिचे वडील नत्थूजी, ज्यांनी छप्पन सालच्या दसऱ्याला तरण्या वयात दीक्षा घेतली आणि घरातले सगळे देव त्याच रात्री नागनदीत सोडले, ते काही तिला त्याच देवांपुढे परत उभी करणार नाहीत. म्हणून तिसरा धर्म पाहावा, जिथं ती नवी आणि मीही नवा. नव्या वस्तीत दोघांनाही शेजारी ओळखत नाहीत, तसं. ही कल्पना मला इतकी आवडली, की मी ती शामलाला न विचारताच अमलात आणली.

पहिले गेलो मोमीनपुऱ्यात. मौलवी साहेब फार भला माणूस. सरबत पाजलं, खिमा खाऊ घातला (बापूजींना सांगू नको) आणि म्हणाले, बेटा, अल्ला के लिए आओ तो दरवाजा खुला है, लडकी के लिए आओ तो पहले ये बताओ, अब्बा से पूछा? तिथून सदरला फादरकडे. केक मिळाला. एक वर्ष शिकवणीला यावं लागेल म्हणाले, आणि उठता उठता, तुझ्या वडिलांना ठाऊक आहे ना? गुरुद्वाऱ्यात तर कोणी काही विचारायच्या आधी पंगतीत बसवलं, तीन वेळा डाळ वाढली. मी मनात म्हणालो, हे आपलं घर. हात धुताना ग्यानीजी जवळ आले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, पुत्तर, पिताजी नाल गल्ल कित्ती? म्हणजे बापाशी बोललास का? पारशांच्या अग्यारीच्या दरवानानं फाटकातूनच सांगितलं, की इथं जन्मच घ्यावा लागतो. मला त्याचा राग आला नाही. सगळ्यांत त्यानंच माझा वेळ वाचवला. आमचे शेटजी जैन. त्यांना विचारलं तर ते हातातली तागडी खाली ठेवून म्हणाले, चंद्रभान, कांदा सोडशील? शामलासाठी मी जीव सोडायला तयार होतो, पण भाकरीवरचा कांदा म्हणजे, तूच सांग, विचार करावाच लागतो.

ताई, मेल्यावर काय होते, याच्यावर ह्या लोकांचं एकमेकांशी पटत नाही. एकाकडे सगळे मुर्दे एकाच दिवशी उठतात, एकाकडे कर्म धुळीसारखं चिकटते, आपल्याकडे तेच तेच पुन्हा जन्माला येतात, शामलाच्या विहारातले भन्तेजी तर म्हणतात आत्माच नाही, तर जाईल काय. कोणी जाळते, कोणी गाडते, कोणी गिधाडांना देते. पण जित्त्या माणसाच्या बाबतीत सगळे एका मताचे. आधी बापाला विचार. प्राध्यापकांना हा रकाना मी फुकट भरून दिला असता.

ही हकीकत मी शामलाच्या आईला, कांताबाईंना, सांगायचो. त्या घरात माझ्या बाजूनं तेवढ्याच होत्या. काविळीनं पिवळ्या पडून खाटेवर पडल्या होत्या, तरी हसायच्या. म्हणायच्या, अजून एखादा राहिला असन तर तोही पाहून घे गा, तेवढीच माही करमणूक. एक दिवस करमणूक संपली. मी धावत गेलो, कोणालातरी बाजूला सारून तिरडी खांद्यावर घेतली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, 'बुद्धं सरणं गच्छामि' संथ आवाजात चाललेलं. मी पण म्हणून राहिलो होतो, बरोबर म्हणून राहिलो होतो, डोळ्यांतून पाणी चाललं होतं. चौकात समोरून दुसरी तिरडी आली, तिकडच्या लोकांनी राम नाम सुरू केलं आणि माझ्या तोंडानं, मला न विचारता, ते उचललं. लहानपणापासून ज्या ज्या मढ्यामागं चाललो, तेच म्हणत चाललो, ताई. रडू आलं, की ते शब्द आपोआप येतात.

सगळे थांबले. शामलाचे काका लहानूजी आले, तिरडीखाली आपला खांदा घातला आणि मला कोपरानं बाहेर काढलं. मी घाटापर्यंत मागून चाललो, लग्नात न बोलावलेला माणूस चालतो तसा.

संध्याकाळी नत्थूजींनी मला जवळ बसवलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. ते म्हणाले, "तुही चूक नाही गा बाप्पा. तुह्या तोंडाले ते वळण आहे. तेच वळण मोडाले आम्हाले बावीस वर्सं लागून राहिले. माह्या बाईले मात्र शेवटी तेच आयकू आलं."

शामला मला फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "तू दुनियेतले धर्म पाहून आला. मले कोण्या धर्मात न्याचं ते ठरवून राहिला. तुह्या घरी नेतो, असं एकडावही नाही म्हणाला." मी म्हणालो, बापूजी... ती म्हणाली, "बापूजी राहू दे. तुहं म्हणावं असं एक तरी घर हाय का, जिथं मी पुढच्या दारानं जाईन अन् चुलीपाशी बसून पाणी पिईन? असन तर मी बाबाशी बोलतो. नसन तर रविवारी चंद्रपूरचे पाहुणे येऊन राहिले मले पाहाले." ताई, मी इतक्या ठिकाणी गेलो, कोणीच मला हा प्रश्न विचारला नाही.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
चंद्रभान

ता. क. वरचं सगळं नाही वाचलं तरी चालेल, एवढं वाच. हे पत्र मी टपालात टाकत नाही. तोंडानं सांगायला गेलो तर भांडण होईल, माझं डोकं तुला माहीत आहे. उद्याच्या बसनं आम्ही दोघं तुझ्याकडे कोराडीला येऊन राहिलो. शामला फाटकाशी उभी राहील, मी आत येऊन पत्र तुझ्या हातात देईन. लग्नाला ये म्हणत नाही, बापूजींना समजाव म्हणत नाही. तिला आत ने, रोजच्या पाटावर बसव आणि आपण पितो त्या कपात चहा दे. आपल्या खानदानात तेवढं एक घर मला माहीत आहे.

दुसरा ता. क. हे तुझ्याच टेबलावर बसून, भाऊजींच्या पेनानं. तू पत्र वाचलंस, डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "आण तिले, मी काय कोणाले नाही म्हणतो?" मी तिला आणलं. तू तिला बाहेरच्या खोलीत भाऊजींची वेताची खुर्ची दिलीस, इथं पंखा आहे म्हणून. तिच्या आईचं विचारलंस, मनापासून विचारलंस. मग ट्रे आणलास. दोन फुलाफुलांचे कप आणि एक स्टीलचा गिलास. "स्टीलचं बरं असते, धुतलं का झालं," असं तूच म्हणालीस, कोणी विचारलं नव्हतं. शामला पूर्ण चहा प्यायली. गिलास बाहेरच्या नळावर धुतला, पायरीवर पालथा ठेवला, तुला 'येतो ताई' म्हणाली आणि मला म्हणाली, "तू बस. तुह्या बहिणीचं घर आहे."

चहा तर केव्हाच झाला, ताई. पण तू आत स्टोव्हला पंप मारून राहिलीस. तो धुतलेला गिलास चिमट्यात धरून आगीवर फिरवून राहिलीस, ते मला इथून दिसते. मी ओरडत नाही. इतका राग येऊन मी ओरडलो नाही, असं पहिल्यांदाच होऊन राहिलं.

ती बसच्या रस्त्याला लागली आहे, मागं वळून पाहत नाही. मला तिला गाठायचं आहे. पत्र टेबलावर ठेवलं. दार ओढून घेतो, इथं वीजघराच्या कोळशाची राख आत येते.