खुर्ची, शिडी आणि पोटरीवरचा पक्षी

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लोकांच्या अंगावर टॅटू काढणे, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हात मात्र थरथरतो, म्हणून मी सांगतो आहे आणि वकीलबाई लिहून घेत आहेत. कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही. आणायला घरात कोणी उरलेलेही नाही. मी थकलो आहे, हेही लिहा म्हटले. बाई म्हणाल्या, त्याची कायद्याला गरज नाही. मला आहे, म्हणून लिहिले आहे.

कलम १. वरच्या दोन खोल्या ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून ती माझ्यामागे मुलाला मिळावी. मुलगा विमा कंपनीत आहे, दुसऱ्यांच्या घरांना काय काय होऊ शकते ते त्याला तोंडपाठ आहे. आमच्या जिन्याची एक पायरी कित्येक वर्षे सैल आहे. मी बोललो की तो "बघू" म्हणतो. आता पायरी त्याची, त्याने बघावे. बँकेत जे काही निघेल ते मुलगा आणि मुलगी दोघांनी सारखे वाटून घ्यावे. त्यावरून भांडू नये, भांडण्याइतके ते नाही.

कलम २. माझी लाकडी शिडी मी धाकट्या भावाला देत आहे. ती त्याच्याकडेच आहे. घर रंगवायला म्हणून नेली, "दोन दिवसांत आणतो" म्हणाला, त्यानंतर त्याने घर दोनदा रंगवले. विचारले की म्हणायचा, "दादा, एका शिडीवरून काय बोलतोस?" पण इतकी वर्षे ती माझी होती, एवढे त्याला कागदावरून कळावे.

कलम ३. दुकानातली वरखाली होणारी खुर्ची शेजारच्या न्हाव्याला द्यावी. त्याचा तिच्यावर पहिल्यापासून डोळा आहे. खरे तर त्याला मी साक्षीदार करणार होतो. पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये असे बाईंचे म्हणणे पडले. न्हाव्याने थोडा विचार केला. म्हणाला, "सहीला काय, कोणीही मिळेल. तुम्ही खुर्ची लिहा."

या खुर्चीत बसलेली माणसे फार बोलतात. सुई टोचत असली की तोंड चालू ठेवावेसे वाटते. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी मनगटावर तारीख काढून घेता घेता विचारले, "काका, एकच दिवस परत जगायला मिळाला, तर तुम्ही कुठला घ्याल?" मी म्हणालो, "हात हलवू नका." त्या गेल्या, पण प्रश्न इथेच राहिला.

मी जन्मभर लोकांच्या तारखा काढल्या. कोणाची लग्नाची, कोणाची मूल झाल्याची, कोणाची आई गेल्याची. त्यांतले काही जण पुढे परत आले, तारीख झाकून द्या म्हणून. मग मी तारखेवर पाने काढली, मासे काढले. दिवस कायमचा हवा म्हणून एक येतो, तोच दिवस नको म्हणून दुसरा येतो, आणि बरेचदा माणूस एकच असतो. कातडीला यातले काही कळत नाही. ती शाई धरून बसते आणि आपल्याबरोबर सुरकुतते.

माझा विचाराल, तर लग्नाचा दिवस मी परत घेणार नाही. नवे बूट चावत होते आणि सासरे कोणावर तरी रागावले होते. मुले झाली ते दिवसही नकोत, ते दवाखान्याच्या बाकावर गेले. मला कुठला हवा ते पुढच्या कलमात येईल, कारण तो मुलीच्या वाट्याचा आहे.

कलम ४. खालचे दुकान, जुने मशीन, सुयांचा डबा आणि शाईच्या बाटल्या मुलीला मिळाव्यात. तिचे स्वतःचे मोठे दुकान आहे, काचेचे. तिथे आधी वेळ ठरवून जावे लागते. हात माझ्यापेक्षा चांगला आहे. तिला यातले काही लागणार नाही हे मी जाणतो. तरी तिलाच.

आमच्या दुकानाची रीत अशी, की शिकणाऱ्याने पहिला टॅटू शिकवणाऱ्याच्या अंगावर काढायचा. एका दुपारी शटर अर्धे ओढून मी डावी पोटरी तिच्यापुढे केली. कागदावरचे पक्ष्याचे चित्र तिने कातडीवर उमटवले, निळे, अगदी सरळ. आता, रेघा ओढताना सांडलेली शाई पुसावी लागते, आणि पुसताना खालच्या बाजूचे उमटलेले चित्र निघून जाते. म्हणून सुरुवात खालून करतात. ती डोक्यापासून लागली. मला दिसत होते. मी बोललो नाही, कारण हे सांगून डोक्यात बसत नाही. चोच झाली, डोके झाले, एक पंख झाला, आणि दुसरा पंख फडक्यावर आला.

ती फडक्याकडे बघत राहिली आणि रडू लागली. तिची आई वरून चहा घेऊन आली. तिने पोटरी निरखून पाहिली. "रडतेस कशाला?" ती म्हणाली. "बाजूने दिसतोय तो. दुसरा पंख पलीकडे आहे." मुलगी रडता रडता हसली. मग आम्ही तिघेही हसलो आणि चहा गार झाला.

तो दिवस मला परत हवा. आणि मिळाला, तरी खालून सुरुवात कर असे मी तिला सांगणार नाही.

पुढे ती मोठी कारागीर झाली. दुकान उघडले त्या दिवशी मी तिच्या पाहुण्यांसमोर पँट वर करून पक्षी दाखवला. एकाने विचारले, "कोंबडी आहे का?" लोक हसले. पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, बसा इथे. मी झाकून देते. आता येतं मला."

"हात लावायचा नाही," मी म्हणालो.

"का? माझी चूक जन्मभर मिरवायचीय तुम्हाला?"

मी पँट खाली केली आणि घरी आलो. तिची आई असती तर एका वाक्यात मिटवले असते, पण ती तेव्हा नव्हती. तेव्हापासून मुलगी भावाला फोन करून माझी चौकशी करते. मीही हट्टी, मीही मुलाकडूनच तिची करतो.

तर बाळ, उत्तर इथे देतो. माझ्या अंगावर चांगल्या चांगल्या हातांचे काम आहे. त्यातले काही बघून मला कोणी आठवत नाही. पोटरी बघितली की तुझी आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असते. पक्षी झाकला, तर ती मला दिसायची कुठे? मी तुझी चूक मिरवत नव्हतो. तुम्हा दोघींना मिरवत होतो. मला तुझी फार आठवण येते.

कलम ५. पोटरी मुलीच्या नावे करावी असे मी सांगितले. वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. "काका, शरीर ही मालमत्ता नसते. ते कोणाच्या नावे करता येत नाही." म्हणजे ज्या खोल्या अर्ध्या आयुष्यानंतर घेतल्या त्या देता येतात, आणि जन्मापासून वापरलेली कातडी देता येत नाही. वाद घालायचे त्राण नाही. कलम पाच रिकामे समजावे.

या कागदाची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही, यापुढे करायचा उत्साह नाही.

हात थरथरत असल्यामुळे सही दर वेळी वेगळी येते. उद्या कोणी शंका काढू नये म्हणून बाईंनी ओळखीची खूण मागितली. म्हणाल्या, "अंगभर खुणाच आहेत तुमच्या. एक कुठलीतरी सांगा." ती शेवटी लिहिली आहे.

ठिकाण: दुकानात, न्हाव्याच्या होऊ घातलेल्या खुर्चीत बसून.

दिनांक: आज, सोमवार, दुकानाच्या सुट्टीचा वार.

साक्षीदार:
१. गल्लीतले डॉक्टर. डोके ठिकाणावर असल्याची खात्री करून सही केली.
२. औषधाच्या दुकानातल्या बाई. डॉक्टरांनी खात्री केल्याचे पाहून सही केली.

सही: वाकडी आहे, पण माझीच.

ओळखीची खूण: डाव्या पोटरीवर पक्षी. काम मुलीचे. दुसरा पंख पलीकडे आहे.