मेव्हिसचे टाके

२ जुलै
तारीख मिळाली. पुढच्या गुरुवारी मेव्हिसचं गर्भाशय काढायचं. सशिणीचं ते तसंच ठेवलं तर वय झाल्यावर तिथेच कॅन्सर धरतो, असं आर्मिडेलच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिच्या बहिणीचं, डॉटचं, पुढच्या महिन्यात. दोघींचं एकदमच उरका म्हणत होत्या, पण मी ठाम नाही म्हटलं. एकीचं बरंवाईट झालं तर दुसरी तरी उरली पाहिजे. अर्नी गेल्यापासून या घरात श्वास घेणारं दुसरं आहे तरी कोण!

शेजारचा नेव्हिल कुंपणावरून ऐकत होता. म्हणाला, "अगं मर्ल, जन्मभर आपण हे ससे बंदुकीने टिपले, आणि तू आता त्यांची ऑपरेशनं करतेस? तुझा नवरा थडग्यात कूस बदलत असेल."
बदलू दे. एका कुशीवर पडून अंग आखडलं असेल त्याचं.
जाताना सशिणींसाठी पार्सलीची जुडी ठेवून गेला. म्हणे टाकायचीच होती!

५ जुलै
टाउन्सव्हिलहून लेकीचा फोन. तेच पालुपद – आई, इकडे ये, इकडे थंडी नाही, तिकडे गायराच्या डोंगरावर जुलैच्या हिवाळ्यात एकटी काय करतेस. मी म्हटलं, तुमच्या क्वीन्सलँडात ससा पाळणं गुन्हा आहे. तर रोवेना म्हणते, मग त्यांची कुठेतरी सोय कर. सोय! जुना सोफा आहे का तो?
शेवटी विचारलं, तू कशी आहेस? ठणठणीत, म्हटलं. दुसरं काय सांगणार! अर्नीच्या आजारपणात माणसं दारातून थेट त्याच्या खाटेकडे जायची, आणि जाताना मला सांगायची, तू खंबीर आहेस हो. तेव्हापासून खंबीरच आहे. फार कंटाळा आलाय त्याचा.

८ जुलै
उद्या ऑपरेशन. मेव्हिसच्या पुढ्यातलं गवत मी सवयीने उचललंच होतं – अर्नी मेंढ्याची काही कापाकापी करायची तर आदल्या दिवशी उपाशी ठेवायचा. मग आठवलं, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, सशाला उपाशी ठेवायचं नाही. पोट थांबलं की ससा संपला. गवत परत ठेवलं.

दुसरंही सांगितलंय त्यांनी – डॉटला सोबत आणा, जोडीतली एकटी ठेवू नका. हे मात्र मला पटेना. कळपातली धडधाकट मेंढी कधी कुणी दवाखान्यात नेली आहे? उगाच हात दाखवून अवलक्षण. गाडीत भेदरणार, रस्त्यावर हिम पडलेलं. त्यापेक्षा डॉट आपली घरी शेगडीपाशी बरी.

९ जुलै
झालं! मी सगळा वेळ बाहेर गाडीत बसून होते. आत बसवेना. मेव्हिस शुद्धीवर आलेली पाहिली तेव्हा जीव भांड्यात पडला. पोट भादरलंय, त्यावर टाक्यांची बारीक ओळ.

घरी आल्यावर डॉट धावत आली, हुंगलं, आणि मागचा पाय दाणकन आपटून लांब पळाली. अंगाला औषधांचा वास ना! बहीण ओळखू येईना तिला. टाके ओढेल म्हणून मी तिला धुण्याच्या खोलीत ठेवलं.

१० जुलै
मेव्हिस कशालाच तोंड लावत नाही. पिचकारीने गालात पातळ लापशी सोडते, निम्मी माझ्या बाहीवर. दात करकरा वाजवते – म्हणजे दुखतंय. औषधाचे थेंब दिले. आज दिवसभर माणसाशी बोलले नाही.

११ जुलै
एक लेंडी नाही! दर तासाला मेव्हिसचा लेंड्यांचा ट्रे बघतेय. ती गेली तर? ऑपरेशन कर असं तिने थोडंच सांगितलं होतं? मीच नेली. पोटावरून हळूहळू हात फिरवत बसले. अर्नीचं पोटही असंच चोळायचे.

१२ जुलै
लेंड्या! मिऱ्यांएवढ्या, पण लेंड्या! स्वयंपाकघरात चक्क नाचले. नेव्हिलला बोलावून ट्रे दाखवला. तो टोपी काढून म्हणाला, माझ्या नातवंडाच्या शीचं एवढं कौतुक नाही झालं. रोवेनाचाही फोन आला, मेव्हिस कशी आहे म्हणून. सांगताना रडूच आलं, खोकला आल्याचं सोंग केलं.

डॉटचा वाडगा भरलेलाच दिसला. फुगून बसलीय महाराणी. नेव्हिलची ताजी पार्सली वर ठेवली आणि दार लावून मेव्हिसकडे आले.

१३ जुलै
मेव्हिस बोटाला चावली. म्हणजे बरी झाली! गवताचा फडशा पाडतेय. टाके कोरडे.
डॉट भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी म्हटलं, पुरे झाली तुझी नाटकं, टाके तिला पडलेत की तुला? उद्या दोघींना जाळीच्या अलीकडे-पलीकडे बसवून बघेन. आज फार दमलेय.

१४ जुलै
डॉट गेली.
धुण्याच्या खोलीत, कोपऱ्यात, तशीच भिंतीकडे तोंड करून. तिचा ट्रे कोरडा होता, एक लेंडी नाही. पहिल्या दिवसापासूनच असणार. मी पाहिलाच नाही. कुणाचंच लक्ष नव्हतं तिच्याकडे, ती धडधाकट होती ना.
रोवेनाला मीच फोन लावला. उचलताच तिने विचारलं, "मेव्हिस कशी आहे, आई?"
"मेव्हिस छान आहे," मी म्हटलं. "मी बरी नाही. तू येशील का?"