एक क्लोरीन जास्त

३ फेब्रुवारी २०२५, नार्वे, डिचोली
पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला आणि आई हलली नाही. दिवाळीपर्यंत हीच बाई फाटकात जाऊन, पाव आणलेत की दगड म्हणून त्याचा उद्धार करायची — "उंडे हाडल्यात काय फातर रे?" आता नुसती घरघर. डॉक्टर म्हणतात, "वय झालं, सर." एवढ्यासाठी माणूस इतकी वर्षं शिकतो!

५ फेब्रुवारी
मला "बाबा" म्हणाली. मग तेही नाही. दादा गेल्यापासून आईचं सगळं सुविधा वहिनीच करते. आजही तिने पेज भरवली, अर्धी ओठांवरून गळली. मी मदत केली — म्हणजे बाजूला उभा राहिलो.

९ फेब्रुवारी
बारावीला औषधांचा धडा घेतला. घरी येऊन सहज आईच्या गोळ्या पाहिल्या. जुनी झोपेची गोळी नायट्राझेपाम, दहा मिलिग्राम. ती मिळेना म्हणून नोव्हेंबरात डॉक्टरांनी क्लोनाझेपाम दिली, ०.५. कॅलेंडरच्या मागे दोन्ही रेणू काढले. तीच कडी, तोच नायट्रो गट. फक्त नवीच्या एका कड्याला कोपऱ्यात क्लोरीनचा एक अणू जास्त. तेवढ्याने ती वीसपट जहाल! नवीच्या अर्ध्या मिलिग्रामात जुनीचे दहा.
चिठ्ठीवर लिहिलंय, रात्री एक. रिकाम्या पट्ट्या मोजल्या, आईला दिवसाला चार जातात!

१० फेब्रुवारी
वहिनीवर तुटून पडलो. "आकडा लहान दिसला म्हणून मूठभर चारायच्या? चणे आहेत का?" शेजारच्या देवकीसमोर अडाणी म्हणालो. वहिनी एवढंच म्हणाली, "पयलीं मांयेक बसोवया, भावजी. पेज थंड जाता."
माझ्या जिभेला धार आहे, असं डिचोलीभर म्हणतात. आज घरात वापरली.

११ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, एकदम बंद केली तर झटके येतील, हळूहळू उतरवू. "पण सर, छातीत कफ भरलाय. फार आशा ठेवू नका."
मी कधी ठेवली होती?

२० फेब्रुवारी
चार गोळ्यांवरून तीनवर आलो. भोंगा वाजला. गेला. आई तशीच.

२४ फेब्रुवारी
आईच्या उशाकडच्या डब्यात नोव्हेंबरचं पहिलं खोकं सापडलं. त्यावर लिहिलंय — "०.५ तर आहे! सकाळी दोन, रात्री दोन."
लाल शाई. पेपर तपासायची. अक्षर माझं.
वहिनीला माझं अक्षर चांगलं ओळखता येतं.