राणीनं आज्ञा दिली नाही

आई, आज तू असायला हवी होतीस. तुझी नात दीक्षा घ्यायची म्हणते आहे. घर सोडून साध्वी होणार, आपल्या जैन संघातली आर्यिका. संघातल्या मोठ्या माताजींनी सांगितलंय, आईनं समाजासमोर आज्ञा दिल्याशिवाय दीक्षा नाही. तिचे वडील हो म्हणून मोकळे झाले. माझं तोंड उघडत नाही, आणि दीक्षेचा रविवार परवावर आला.

चंद्रपूरला मूर्तीच्या प्रतिष्ठेचं पंचकल्याणक होतं, तेव्हा त्यातल्या नाटकात, पुढे तीर्थंकर होणाऱ्या ऋषभराजाच्या आईचा, राणीचा मान तुला मिळाला होता. मुलचेऱ्याच्या कापडदुकानात बसणारी तू, पुठ्ठ्याचा मुकुट घालून सिंहासनावर बसली आहेस. दरबारात नाचता नाचता नर्तकी मरून पडते, इंद्र तिच्या जागी हुबेहूब दुसरी उभी करतो. कोणाला कळत नाही, एकट्या राजाला कळतं, आणि तो राज्य सोडून वनाला निघतो. शेजाऱ्यांचा मुलगा राजा झाला होता. तो हात जोडून आज्ञा मागतो आणि तू त्याच्या शेल्याचं टोक धरून बसतेस. पंडितजी तुझं वाक्य हळूच सांगतात, पुन्हा सांगतात. तू म्हणतेस, "जेवून त जाय, बापा." सगळा मांडव हसला. शेवटी पंडितजींनीच तुझ्या वतीनं आज्ञा देऊन टाकली.

घरी आल्यावर बाबा चिडले. "नाटक होतं ना ते? काऊन अडवलं त्याले?"

तू पोळ्या लाटत म्हणालीस, "नाटक त्याचं होतं. माय झाल्यावर सोडाचं कसं, ते मले कोणी सांगतलं नाई."

तेव्हा मला तुझी लाज वाटली होती. आता तुझा हेवा वाटतो. तुझ्या राजानं संध्याकाळी मुकुट काढला आणि तो आपल्या घरी गेला.

काल दिवस मावळायच्या आत मी पोरीला वाढत होते. तिनं मीठ सोडलंय, आता तेलही. मी विचारलं, "अन् मी नाई म्हटलं तर?"

"तर थांबन ना, आई. तुले दुखवून नाई जाणार. इथीच राहीन, तुह्यासमोर."

आवाजात राग असता तर भांडले असते. ती शांतपणे वरणभात कालवत होती. अशी माझ्यासाठी थांबलेली पोरगी मला रोज बघवणार नाही.

म्हणून रविवारी मी हो म्हणणार आहे. तिचे केस उपटले जातील, तिला नवं नाव मिळेल, आणि मी वाकून माझ्याच लेकीला 'वंदामि माताजी' म्हणेन. लोक मला पुण्यवान म्हणतील. हे पत्र कोणाच्या हाती पडायच्या आत चुलीत घालीन, पण तुला सांगते. देवळात सगळे तिचं वैराग्य टिकावं म्हणून हात जोडतात. मी ते मोडावं म्हणून जोडते.