चिन्ना आहे तिथं

रविवार, १८ जानेवारी

अप्पा खोटं बोलत नव्हते!

नखांत अजून माती आहे. पानावर लाल बोट उमटलं — उमटू दे. आज आनेकलच्या शेतावर गेलो होतो. मी, धाकटा भाऊ दयानंद, आणि आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी मुग्धा. दयानंदला जमिनीचे फोटो काढायचे होते, विकण्यासाठी. लेआउटवाला, म्हणजे शेतं घेऊन प्लॉट पाडणारा, त्याच्या मागे हात धुऊन लागलाय. महिनाअखेरीस हो की नाही ते सांगा म्हणतो. मी थोरली, माझ्या सहीशिवाय काही होत नाही, म्हणून मलाही गाडीत घातलं. मुग्धा पुण्याची, भूगर्भशास्त्र शिकलेली. इंदिरानगरच्या एका ऑफिसात बसून दिवसभर कॉम्प्युटरवर दुसऱ्यांच्या खाणी बघते. खरा दगड हातात घेऊन वर्ष झालं म्हणाली, म्हणून तिलाही घेतली.

आणि तिनेच पाहिलं!

शेताच्या वरच्या कोपऱ्यात करंजाचं झाड आहे. त्याखाली दगडांचा एक लहानसा ढीग. तो कोपरा अप्पांनी, आमच्या वडिलांनी, कधी नांगरू दिला नाही. "तिथं हात लावायचा नाही, चिन्ना आहे तिथं." हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलो. चिन्ना म्हणजे कन्नडात सोनं, आणि अप्पांनी जन्मभर कोलारच्या सोन्याच्या खाणीत नोकरी केलेली, वर आलेल्या दगडात सोनं किती आहे ते तपासायच्या खोलीत. त्यांना नाही कळणार तर कुणाला? पण नातेवाइकांनी त्यांची टर उडवली. लग्नाकार्यांत 'आले बघा चिन्नप्पा' म्हणायचे. शेतात सोनं आहे तर माणूस भाड्याच्या घरात का राहतो, असंही. अप्पा नुसते हसायचे. दरवर्षी संक्रांत झाली की एकटेच शेतावर जाऊन यायचे. वारून तीन वर्षं झाली त्यांना.

तर मुग्धाने ढिगातला एक दगड उचलला. गडद राखाडी, काचेसारखा चमकणारा. थुंकी लावून पुसला! (बाई शिकलेली आहे, पण हे बरं वाटलं.) मग पर्समधून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि दगड उजेडात फिरवत राहिली. मी विचारलं, काय गं? तर म्हणाली, "काकू, जस्ट एक मिनिट." असं चार वेळा. शेवटी मी भिंग हिसकावलं.

पिवळा ठिपका. राईच्या दाण्याच्या चौथाईएवढा. पण पिवळा!

दयानंद तिकडे झाडाखाली फोनवर लेआउटवाल्याशी बोलत होता. बोल बाबा, बोल.

सोमवार, १९ जानेवारी

मोठा खलबत्ता कुठे ठेवला गेलाय?

मंगळवार, २० जानेवारी

सापडला. माळ्यावर, आईच्या पितळी भांड्यांच्या मागे.

मुग्धाने आज सुट्टी टाकली. गच्चीवर दोघी बसलो. कालपर्यंत ही पोरगी जिन्यात भेटली तर हाय म्हणून निघून जायची, आज साडीचा पदर खोचावा तशी ओढणी खोचून बसली. आणलेल्या दगडांतले दोन मी कुटले. कुटले म्हणजे — खांद्याची वाट लागली! शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं, खडूपेक्षा जड काही उचललं नाही. पिठासारखं बारीक झाल्यावर मुग्धाने ते काळ्या ताटात घेऊन पाणी घातलं आणि ताट गोल गोल हलवायला लागली. आपण तांदळातले खडे काढतो तसंच, फक्त इथे खडा ठेवायचा आणि तांदूळ टाकायचा. गढूळ पाणी जाई, नवं येई. माझा जीव नुसता टांगणीला. शेजारच्या गच्चीवरून मनस्विनी विचारते, पापडाचं पीठ का? म्हटलं हो, उडदाचं.

शेवटी ताटाच्या कडेला एक पिवळी रेघ राहिली. केसाएवढी!

मी ओरडणारच होते. मुग्धा म्हणाली थांबा, पिवळं दिसणारं दुसरंही खनिज असतं, भले भले फसतात. सुई मागितली. भिंगाखाली धरून त्यातल्या सगळ्यात मोठ्या कणाला टोचलं. ते दुसरं असतं तर फुटून भुगा झाला असता. हे चेपलं! फुटलं नाही, चेपलं! मी स्वतः टोचून पाहिलं, तीनदा.

सोनं आहे. आमच्या शेतातल्या दगडात सोनं आहे!

अप्पांच्या फोटोपुढे जाऊन उभी राहिले. रडू आलं आणि रागही आला. एकदा तरी धडपणे सांगायचं ना हो. मी सगळ्यांची तोंडं बंद केली असती.

बुधवार, २१ जानेवारी

दयानंदला फोन. आधी हसला, मग विचारलं किती. मग पुन्हा विचारलं किती. हसत नव्हता.

रविवार, २५ जानेवारी

पुन्हा शेतावर. पहार, फावडं, घमेलं. शेत वाट्याने करणारा योगीराज बघत राहिला — दोन बायका आणि एक सूटबूटवाला (दयानंद पांढरे बूट घालून आला! सोनं काढायला!) मातीत काय करताहेत म्हणून. मी सांगितलं, विहिरीला पाणी लागतं का बघतोय. तो म्हणाला, पाणी तर खालच्या अंगाला आहे. म्हटलं आम्हाला वरचं हवंय.

ढिगाला धक्का लावायचा नाही, आधी शेजारी खणू, असं मुग्धाने ठरवलं. गुडघ्याएवढा खड्डा झाला. लाल माती. मग आणखी लाल माती. मग मुरूम. त्या राखाडी दगडाचा टवकासुद्धा नाही. दयानंदचे बूट मात्र बघण्यासारखे झाले.

परत येताना गाडीत मी बोलले. खाणीत माणसं मैलभर खाली जात होती, आपण गुडघाभर खणून तोंड का पाडायचं?

बुधवार, २८ जानेवारी

मुग्धाशी वाजलं.

ती दोन दिवस त्या दगडाचा अभ्यास करत बसली आहे. आज खाली आली आणि चहा न घेताच सुरू झाली. आपल्या शेतातला खडक वेगळा, फिकट, आणि हा दगड वेगळा. ढिगात आहे तेवढाच आहे, आजूबाजूला एक तुकडा नाही. "काकू, हे दगड इथले वाटत नाहीत मला. कुणीतरी आणून ठेवलेत."

कोण आणेल? आनेकलच्या रानात सोन्याचे दगड आणून कोण ठेवेल, वेडा? मी म्हटलं, अप्पांनीच शेतभर फिरून वेचले असणार आणि एका जागी रचले असणार. नमुने म्हणून. त्यांचं कामच ते होतं. ती म्हणाली, शक्य आहे, पण. हा 'पण' मला आवडत नाही. वर्गातसुद्धा आवडायचा नाही.

दुसरं म्हणजे परवानगी. दगड उचलून बघणं निराळं, मशीन लावून सोन्यासाठी खणणं निराळं, त्याला सरकारी लायसन लागतं, अडचणीत याल म्हणाली. माझ्या शेतात मी खड्डा खणू की नको हे सरकार सांगणार? मी विहीर खणतेय! त्यात सोनं लागलं तर माझा काय दोष?

रागाने वर गेली. संध्याकाळी मी अवलक्की, म्हणजे आपले पोहे, घेऊन गेले. खाल्ले तिने.

शनिवार, ३१ जानेवारी

दयानंदने लेआउटवाल्याला आठ दिवस थांबायला सांगितलं!! माझा भाऊ, जो मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठीही अर्धं मिनिट थांबत नाही, तो! मल्लेश्वरमला माझ्याकडे आला, जेवला, अप्पांच्या खुर्चीत बसला. त्याने मनात खाण सुरूही केलेली आहे. खाणीला नाव काय द्यायचं इथपर्यंत गेला. मी म्हटलं अप्पांचं नाव. तो म्हणाला सरी, चालेल.

मग जरा वेळाने म्हणाला, "अक्का, मी पण हसायचो गं त्यांना. त्या चिन्नप्पावर मीच जास्त हसायचो."

मी त्याला ताक वाढलं.

खरं सांगायचं तर मला ते सोनं विकून काय करायचंय? पेन्शन पुरते. मला एवढंच हवंय — एक तरी दगड जमिनीतून निघावा, खालून, सगळ्यांसमोर. मग सगळ्या चुलत-मावस मंडळींना जेवायला बोलावीन आणि ताटाशेजारी ठेवीन. बघा, म्हणेन, चिन्नप्पा काय म्हणत होता. नाही निघाला तर शेत जाईल, प्लॉट पडतील, त्या कोपऱ्यावर कुणाचं तरी गॅरेज येईल आणि अप्पा कायमचे वेडे ठरतील. हे मी होऊ देणार नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

जेसीबी ठरला! येत्या शनिवारी, सकाळी. योगीराजच्या मेहुण्याचाच आहे. या वेळी ढीगच बाजूला करायचा आणि बरोब्बर त्याच्या खाली खणायचं. अप्पांनी खूण म्हणूनच तो रचला असणार, इतकी साधी गोष्ट मला इतके दिवस कशी सुचली नाही!

मुग्धा येणार नाही म्हणाली. मग विचारलं किती वाजता.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

जेवण जात नाही. आज दोनदा भाजीत मीठ घातलं.

उद्या दुपारच्या बसने पुढे जाते. रात्री आनेकलला सकवारबाई आत्त्याकडे राहीन, म्हणजे सकाळी शेतावर सगळ्यांच्या आधी मी. आत्त्या म्हणजे अप्पांची बहीण, त्यांच्या पिढीतली तेवढी एकच उरली. नव्वदीला आली, कान गेले, बाकी खणखणीत. फोनवर तिला ऐकू येत नाही, म्हणून अजून काही सांगितलेलं नाही. तिच्या भावाचं खरं निघालं हे तिला समोर बसून सांगायचंय मला! आठव्या क्रॉसवरच्या दुकानातून मैसूरपाक आणलाय, तुपाने कागद पार भिजलाय. ताटातली ती पिवळी रेघ बाटलीत भरून घेतली आहे, आत्त्याच्या हातावर ठेवायला.

अप्पा, दोनच दिवस थांबा!

शुक्रवार, ६ फेब्रुवारी. आनेकल.

जेसीबी नको म्हणून कळवलं.

आत्त्याने बाटली बघितली, सगळं ऐकून घेतलं. उद्या करंजाखाली खणणार म्हटल्यावर हातातला मैसूरपाक खाली ठेवला. "ते चिन्ना सोनं नव्हं गं. लेकरू ते. तुझ्या आधीची."

बोलायला लागायच्या आधीच तापाने गेली. तान्ह्या लेकराला अग्नी देत नाहीत, म्हणून आपल्या शेतात पुरली. आईने सगळ्यांना शपथ घातली, मागून होतील त्या मुलांना हे सांगायचं नाही. तीही पुन्हा त्या शेतावर गेली नाही. पुढे अप्पांना कोलारला नोकरी लागली. दर संक्रांतीला तिकडून एक दगड आणून तिच्यावर ठेवायचे. पोरीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणायचे. चिन्ना तर आम्हीही लेकरांना म्हणतोच, सोन्या म्हणावं तसं. अप्पा खाणीतले, म्हणून आम्हाला सोनंच सुचलं.

त्यातले दोन दगड मी खलबत्त्यात कुटले.

दयानंदला सकाळी सांगेन. बासष्ट वर्षं या घरातली थोरली म्हणून मिरवले. मला एक अक्का होती.